ढगाआडचा डोंगर

बंगळूरचा आषाढ हा काही आषाढ नव्हे. के. आर. पुरमच्या झुलत्या पुलावर तो भुरभुरतो, टिन फॅक्टरीपाशी खोळंबलेल्या बसच्या काचा जरा ओलावतो आणि दुपारपर्यंत विसरूनही जातो. माझ्या मनातला आषाढ जुन्नरच्या मावळपट्टीतला. तिथे ढग आभाळात थांबतच नाहीत. कड्यावरून घरंगळत ते खाचरांत उतरतात, चिखलणीच्या बैलांच्या पाठीवर रेलतात, इरल्याखाली वाकलेल्या बाईच्या हातातली भातरोपांची मूठ तेवढी हिरवीगार दिसते आणि बाकी सारे, बांध, वाट, देऊळ, समोरचा अख्खा डोंगर, त्या पांढऱ्या ओलीत विरून जाते. तो तिथे आहे, हे गावाला पाठ असते.

परक्याने कसे ओळखावे?

७ जुलै १९६२. आषाढ लागून आठवडाही झाला नव्हता. सिडनीहून निघालेले अलिटालियाचे डीसी-८ विमान डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईकडे येत होते. पुढे रोम गाठायचे होते. आतले दिवे मंद असतील. कुणी पेंगत असेल, कुणी पायांनी चाचपडत बूट शोधत असेल, विमान उतरू लागले तसे कानांत दडे बसले असतील आणि झोपेतच कुणी आवंढा गिळला असेल. मुंबई आलीच, असे वैमानिकाला वाटत होते. ती अजून घाटापलीकडे, कोकणात होती. खाली होता तो काळोख, पाऊस आणि जुन्नरजवळचा, चौकशीच्या कागदांत ‘दवंड्याची’ म्हणून नोंदलेला डोंगर. सुमारे ३,६०० फुटांवर विमान त्याला धडकले. चौऱ्याण्णव माणसे होती.

एकही वाचले नाही.

चौकशीत निघाले ते इतकेच: जागेचा अंदाज चुकला, विमान वेळेआधी खाली आले, वाट दाखवणाऱ्या साधनांचा नीट उपयोग झाला नाही, आणि हा मुलूख वैमानिकाच्या ओळखीचा नव्हता. जमीन जवळ आली की ओरडून सांगणारे यंत्र तेव्हाच्या विमानांत नसे.

तरी मला सगळा दोष त्या पावसावर टाकवत नाही. मी राहतो तिथून एचएएलचा जुना विमानतळ फार लांब नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० तिथे लख्ख दुपारी, ना डोंगर ना ढग, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या हिरवळीवर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. (त्यांत मराठी घरे किती, हे मोजायला मन धजत नाही.) शेवटच्या त्या टप्प्यात इंजिने मंदावली होती, वेग घसरत होता, आणि ते लक्षात येईतो फार उशीर झाला होता. धावपट्टी समोर दिसत होती. पोचल्याचा भास मात्र ढगातही होतो आणि उन्हातही.

तेव्हा या पावसाळ्यात तुमचे विमान मुंबईवर घिरट्या घालत राहिले, किंवा न उतरता सरळ हैदराबादला गेले, तर वैमानिकावर चिडू नका. घरी फोन करा आणि उशीर होईल म्हणून सांगा.