खिशातले पुस्तक आणि बेलापूरची घरे

आपल्या अंबरनाथला पाहुणे आले की आपण त्यांना शिवमंदिर दाखवायला नेतो. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ दिलेला आहे. जुनी वास्तू पाहायला सगळेच जातात. पण नवी घरे पाहायला कोणी मुद्दाम प्रवास करते का? मी दिवाळीच्या सुट्टीत केला.

त्याचे कारण आमचे अंगण. आनंदनगरला आमच्या दोन खोल्या आहेत आणि पुढे छोटेसे अंगण. आता दादाचे लग्न ठरते आहे, म्हणून बाबा म्हणाले, "अंगणात एक खोली काढू. जागा उगाच वाया जाते." आजी काही बोलली नाही. पण तिचे पापड तिथेच वाळतात, तुळस तिथेच आहे आणि शेजारची मुले अभ्यासाला तिथेच बसतात.

ठाण्याचा माझा मामा घरांचे नकाशे काढतो. त्याच्याकडे खिशात मावेल एवढे एक पुस्तक आहे. त्यात मुंबई आणि आसपासच्या नव्या इमारतींची माहिती आहे. प्रत्येक इमारतीचा फोटो, नकाशा, बांधल्याचे साल आणि जवळचे स्टेशन दिलेले आहे. मी पाने चाळत होते. एका पानावर अंगणाभोवती बसलेली सात घरे दिसली. मी म्हटलं, "मामा, हे बघायचंच."

आम्ही ठाण्याहून गाडीने बेलापूरला गेलो. वाटेत मामाने सांगितले, की ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी आखली. ते १९३० साली जन्मले आणि २०१५ साली वारले. मुंबईची गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असे कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी सुचवले होते. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली. बेलापूरची ही घरे १९८३ ते १९८६ या काळातली. सुमारे सहा हेक्टर जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय केली होती, तीही उंच इमारत न बांधता.

तिथे पोचल्यावर मी पुस्तक उघडले. फोटोत सगळीकडे उतरती कौले होती. समोर मात्र बरीच घरे वाढवलेली किंवा नव्याने उंच बांधलेली होती. मामा म्हणाला, "अगं, घर वाढणार हे धरूनच त्यांनी आखणी केली होती. दोन घरांत एकही भिंत सामाईक ठेवली नाही. म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याला त्याला आपलं घर वाढवता येतं."

नकाशात मधले अंगण आठ मीटर लांब-रुंद दाखवले होते. मी चालून पाहिले, तर माझी सोळा पावले भरली. घरे इतकी बदलली, तरी ते अंगण मोकळेच होते. तिथे दोन लहान मुले सायकल खेळत होती.

त्याच पुस्तकात कोरियांची मुंबईतली कांचनजंगा ही उंच इमारत आहे. ती १९८३ साली पुरी झाली. तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंच असे मोकळे सज्जे आहेत. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारखे ते ऊन-पाऊस अडवतात आणि वारा आत येऊ देतात. मला वाटले, श्रीमंताचे घर असो की साधे, मोकळी जागा दोघांनाही लागतेच.

घरी येऊन मी टेपने आमचे अंगण मोजले. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद भरले. मी वहीत नकाशा काढला. त्यात अंगण तसेच ठेवून खोली वरच्या मजल्यावर दाखवली. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "जुन्या भिंतींना वरचा भार झेपेल का, ते गवंड्याला विचारावं लागेल. खर्चही बघावा लागेल." गवंडीकाका रविवारी येणार आहेत. आजीने नकाशात तुळस कुठे आहे ते विचारले. मी हिरव्या खडूने दाखवली.

पालकांनो, आपणही घर वाढवायला निघाला असाल, तर आधी एकदा मुलांना घेऊन बेलापूरला जाऊन या. सोबत टेप आणि वही घ्यायला विसरू नका.