नवा कर्नेल आणि उडून गेलेला हेलियम

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या संगणक प्रणालीचा आधारकाळ संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले आणि त्याची बातमी देशभर गाजली. जुन्या प्रणालीवर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मापन करीत बसलेल्या संगणकांची बातमी होत नसते.

अशाच एका संगणकावर भौतिकशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याची नवी विश्लेषण-आज्ञावली सुरू होईना. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, ३.१० क्रमांकाचा. तोच दोषी असे मानून त्याने एका शुक्रवारी बाहेरून मिळवलेला नवा कर्नेल बसवला. पडदा उजळला, नेटवर्क जोडले गेले. तो निश्चिंत झाला.

निदानच चुकले होते. आज्ञावलीला हवी होती जीलिबसी या मूलभूत लायब्ररीची नवी आवृत्ती. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे आणि कर्नेल बदलल्याने ती बदलत नाही. शिवाय ३.१० हा आकडाही फसवा. रेड हॅटचे अभियंते त्याच क्रमांकाखाली नव्या सुरक्षा-दुरुस्त्या बसवीत आले, आणि ड्रायव्हर ज्या अंतर्गत जोडण्यांवर विसंबतात त्यांतील ठरावीक जोडण्या जाणीवपूर्वक स्थिर ठेवीत आले. मूळ लिनक्स कर्नेल असे वचन देत नाही.

सोमवारी रात्री नमुना ४ केल्विनपर्यंत थंड झाला, आणि मापनकार्ड सापडेना. त्याचा ड्रायव्हर उत्पादकाने ३.१० साठीच बांधून दिला होता. विद्यार्थ्याने केबल तपासल्या, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहिले. कर्नेलवर मात्र संशय गेला नाही, कारण संगणक तर ‘व्यवस्थित’ चालत होता. पहाटे फोनवर सरांनी एवढेच विचारले, “कर्नेल कोणता चालू आहे?” सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नेल निवडायला काही मिनिटे पुरली. तोवर द्रवरूप हेलियम उडून गेला होता.

अधिकृत आधार म्हणजे निर्दोषपणा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या अधिकृत ६.१.६४ कर्नेलमध्येच एक्स्ट४ फाइल प्रणालीतील विदा बिघडवणारा दोष निघाला. पण तिथे इशारा निघाला, १२.३ आवृत्तीचे वितरण रोखले गेले आणि दुरुस्तीसह थेट १२.४ आली. कोपऱ्यातल्या संगणकावर स्वतःच बसवलेल्या कर्नेलसाठी असे कोण धावून येणार?

आता तो संगणक ३.१० वरच मापन करतो. सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्याने त्याची नेटवर्क केबल काढून ठेवली आहे. विश्लेषण शेजारच्या नव्या संगणकावर होते, आणि विदा पेनड्राइव्हने तिकडे जाते.