शिवनाथकाठचा बंदोबस्त

'बंदोबस्त' म्हटले की मराठी माणसाला पोलीस आठवतात. छत्तीसगडच्या महसूल खात्यात मात्र बंदोबस्त म्हणजे आपल्याकडची जमाबंदी : गावाची मोजणी, जमिनीची प्रतवारी, साऱ्याची आकारणी आणि कोणाचा कशावर हक्क आहे याची नोंद. भिलाईत राहून दुर्ग जिल्ह्याचा इतिहास वाचू लागल्यावर माझ्या लक्षात आले की शिवनाथ नदीच्या काठच्या या मुलखाचा वारसा जितका देवळांत आहे, तितकाच महसुली दप्तरांतही आहे.

भिलाईची ओळख पोलादाची. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चालत होता, हे आज इथल्या मराठी मंडळींनाही सहसा ठाऊक नसते. कारखान्यापूर्वी इथे नुसता माळ होता, असेही सर्रास ऐकू येते. पण शहराला लागून असलेल्या देवबलोद्याचे शिवमंदिर तेराव्या शतकातले, कलचुरी काळातले आहे. शेजारी कुंड आहे आणि महाशिवरात्रीला तिथे आजही जत्रा भरते. दुर्गच्या उत्तरेला धमध्याची ख्याती तलावांची. 'छै आगर छै कोरी' असा त्यांचा हिशेब लोक सांगतात. कोरी म्हणजे वीस, तेव्हा सहा कोरी आणि वर सहा, एकूण १२६ तलाव. ज्या मुलखात तळ्यांची मोजदाद लोकांच्या तोंडी असते, तो मुलूख ओसाड नव्हता.

आपला, म्हणजे मराठ्यांचा, संबंध १७४१ पासूनचा. भास्करपंतांच्या स्वारीत दुर्गच्या मातीच्या गढीचा तळासारखा उपयोग झाला. पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमले गेले. जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडण्यात आले आणि त्यांवर कमाविसदार बसले. परप्रांतात आपली ही नावे भेटली की मन सुखावते. पण प्रशासक म्हणून पाहिले तर सुभेदारीचे लक्ष मुख्यतः वसुलीकडे होते, हेही मान्य केले पाहिजे.

गावाच्या आतली व्यवस्था मात्र निराळीच होती. छत्तीसगडात 'लाखाबाटा' नावाची रीत होती. काही वर्षांनी गावातील शेते पुन्हा वाटली जात, म्हणजे काळी कन्हार, पिवळसर मटासी आणि मुरमाड भाठा यांचा बरावाईट वाटा आलटून-पालटून सर्वांना मिळे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर १८६० च्या दशकातील बंदोबस्तात गावाचा सारा गोळा करणाऱ्या गौंटियाला मालगुजार म्हणून मालकी हक्क दिला गेला. रयतवारीत वाढलेल्या आपल्याला याचे आश्चर्य वाटते. गावाच्या वतीने पैसे भरणारा माणूस कागदावर गावाचा मालक झाला. ही मालकी १९५१ मध्ये कायद्याने संपली. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा रायपूर व बिलासपूरचे भाग तोडून १९०६ मध्ये झाला होता.

मात्र बंदोबस्ताने एक मोलाचे कामही केले. 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात गावाच्या रूढी लिहून ठेवल्या गेल्या : वाट कुठून, पाणी कोणाचे, मासेमारी कोण करील. निस्तार पत्रकात चराई, सरपण आणि गावाच्या सामाईक गरजांची तरतूद नोंदली जाते. १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही, कलम २३४ व २४२ मध्ये, या दोन्हींना स्थान आहे.

याचे महत्त्व १९९८ मध्ये कळले. बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी तत्कालीन मध्य प्रदेशच्या औद्योगिक महामंडळाने शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या हाती दिला. काठच्या गावांत मासेमारी, आंघोळ आणि पाणी उपसण्यावर बंधने आल्याच्या तक्रारी झाल्या, आंदोलने झाली. २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. करार करताना पाण्याचा दर, मुदत, गुंतवणूक यांचा विचार झाला असेल. पण नदीवर गावांचा आधीचा हक्क काय, हा प्रश्न जुन्या दप्तरातला होता आणि तो आधी विचारायला हवा होता.

आपण वारसा म्हणजे दगडी मंदिर समजतो, त्याला कुंपण घालतो, फलक लावतो. ते आवश्यकच आहे. पण पिवळ्या पडलेल्या कागदाला कुंपण नसते. तो फाटला की गावाचा हक्क केवळ आठवणीत उरतो, आणि आठवणीला कचेरीत पुरावा म्हणून फारसे मोल नसते. जुन्या जिल्ह्यातून १९७३ मध्ये राजनांदगाव आणि २०१२ मध्ये बालोद व बेमेतरा वेगळे झाले. जिल्हा फुटतो तेव्हा दप्तरेही फुटतात. खसरा आणि बी-वन आज संगणकावर दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. त्याच्या पुढचे पाऊल म्हणून प्रत्येक गावाचे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि त्याची प्रत पंचायतीत ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. नदीबद्दलचा पुढचा करार कोणाच्या टेबलावर येईल तेव्हा तो कागद त्याच्या हाताशी असला पाहिजे.