पिशवीशी बोलणारी कवयित्री



गेल्या वर्षी माझी पिशवी काढली. घरात सगळे 'पोटाचं ऑपरेशन' म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. माझी दोन लेकरं जिथं वाढली, तिचं नाव कुणी घेतलं नाही. आणि ती गेली म्हणून मला रडू येतंय, हे सांगायचीही मला लाज वाटली.

इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या माझ्या लेकीनं तेव्हा एक कविता वाचून दाखवली. ल्यूसिल क्लिफ्टन (१९३६–२०१०) या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्री, सहा मुलांची आई. ऑपरेशनच्या आधी त्या आपल्या गर्भाशयाशी बोलतात, जुन्या सोबतिणीशी बोलावं तशा. दुसऱ्या एका कवितेत शेवटच्या पाळीला निरोप देतात. दोन्ही 'क्विल्टिंग' या १९९१ च्या संग्रहात आहेत. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच म्हणा ना!

मग लेक हसत म्हणाली, "आई, यांची स्वतःच्या रुंद हिप्सवरही कविता आहे." मला हसूच आलं. जन्मभर मी पदर मागून ओढून घेत आले, आणि ही बाई तिथंच कौतुक करतेय! मला वाटलं, असेल आपली फिगरची बढाई.

पण लेकीनं मागची गोष्ट सांगितली. ल्यूसिलबाईंच्या वडिलांची पणजी आफ्रिकेतल्या दाहोमीतून गुलाम म्हणून आणलेली. आठ वर्षांची असताना तिला न्यू ऑर्लीन्सहून व्हर्जिनियापर्यंत चालवत नेलं, असं त्यांच्या घरात सांगत आले. त्या व्हर्जिनियात १६६२ मध्येच कायदा झाला होता: आई गुलाम, तर तिचं मूलही जन्मतः गुलाम. म्हणजे बाईची कूस ही मालकाची तिजोरी. बाजारात तिची किंमत करताना ती किती मुलं देईल, हेही बघायचे.

हे ऐकून ती कविता पुन्हा वाचायला लावली. त्यात रूपाची बढाई नव्हतीच. या देहाचा सातबारा आता माझ्या नावावर आहे, असं सांगणं होतं ते.

तुम्ही म्हणाल, स्वाध्यायात आपण देह वेगळा, आत्मा वेगळा शिकतो, मग देहाचं एवढं कौतुक कशाला? मलाही तेच वाटलं. पण मी देहाची लाज धरून बसले होते, तेव्हा तरी त्यातून कुठं सुटले होते?

मागच्या आठवड्यात धाकट्या जावेला डॉक्टरांनी तेच ऑपरेशन सांगितलं. ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, कुणाला काही बोलू नका हं." मी कुणाला बोलले नाही. पण पोळ्या लाटता लाटता ती कविता माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत तिला सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती पिशवीशीच बोलते? काय काय बोलते, परत सांगा ना."