धुआंधार आणि तोफगोळा

जबलपूरला गेलात, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरचा भेडाघाट चुकवू नका. इथे संगमरवरी खडकांत नर्मदा अंग चोरते, वेग घेते आणि धुआंधार धबधब्यात कोसळते. वाट अरुंद झाली की प्रवाह धावतो, हे डोळ्यांना दिसते.

शहराच्या दुसऱ्या अंगाला खमरिया. तिथल्या लाँग प्रूफ रेंजवर दारूगोळा डागून पारखतात. अर्थात, आत पर्यटकांना मज्जाव! तोफगोळा आवाजापेक्षा वेगाने सुटतो. हिशेब चुकला, तर तो आपल्याच जवानांवर पडायचा. म्हणून ही परीक्षा.

इथे गोळा धावतो, हवा स्थिर. विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, नेमके उलटे: नमुना जागच्या जागी आणि हवा धावते. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये १९६७ साली असा बोगदा सुरू झाला. टाक्यांत दाबून भरलेली हवा काही सेकंद सोडली, की ती आवाजाच्या चौपट वेग गाठते.

गंमत अशी, की आवाजाचा वेग गाठलेली हवा नर्मदेचा नियम पाळत नाही. वाट रुंदावली, की ती आणखी धावते! म्हणूनच नुसत्या अंदाजावर भागत नाही. आधी जमिनीवर पारख, मगच आकाश.