नामुष्की आणि हजेरी

भाषांतराच्या तासाला ‘इग्नॉमिनी’ हा शब्द आला की ‘नामुष्की’ हा पर्याय फळ्यावर लिहून मी पुढे जात असे. या समीकरणाकडे पुन्हा पाहण्याची गरज एका विद्यार्थ्यामुळे निर्माण झाली.

लॅटिन ‘इग्नोमिनिया’ म्हणजे नावाची हानी. त्यातील ‘नोमेन’ आपल्या ‘नामन्’चा सगोत्र. परंतु रोममध्ये हा निव्वळ लोकापवाद नव्हता. सेन्सॉर हा अधिकारी नागरिकांच्या यादीत नावापुढे खूण करी आणि त्या खुणेने माणूस पायरी उतरे. जोडीचा ‘इन्फामिया’ तर काही हक्कच हिरावून घेई. नट आणि ग्लॅडिएटर यांच्या वाट्याला तो धंद्यामुळेच येई. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इंग्रजी या भाषांनी दोन्ही शब्द किंचित रूपभेदाने जपले. रोमचा कायदा मागे पडला. निंदा तेवढी उरली.

‘नामुष्की’तही ‘नाम’ ऐकू येते, पण तो ध्वनीचा चकवा होय. तिच्या मुळाशी अरबी-फारसी ‘नामूस’ आहे आणि त्याही मागे ग्रीक ‘नोमोस’, म्हणजे कायदा. कायद्यापासून अब्रूपर्यंत आणि तेथून अब्रू जाण्यापर्यंत असा हा प्रवास. आपल्याकडे नावाचे खरे व्यवहार ‘नाव काढणे’, ‘नाव घालवणे’, ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचारांत चालतात. मराठीत अब्रू घेतात ते चार लोक, सरकार नव्हे, असा निष्कर्ष मी वर्गात मोठ्या समाधानाने काढला.

तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, “सर, मग हजेरीला काय म्हणायचं?” ब्रिटिश मुलखात राहणाऱ्या त्याच्या पणजोबांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. गुन्हा कोणताच नव्हता. जात पुरेशी होती.

मी निरुत्तर झालो. 1871च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा मार्ग खुला केला. ती व्यवस्था देशभर संपायला 1952 उजाडले. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड आदींवरील हजेरी शाहू महाराजांनी 1918मध्ये बंद केली, हे मी जयंतीच्या भाषणांत अनेकदा सांगितले होते. शब्दार्थाच्या चर्चेत मात्र ते आठवले नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987मध्ये जमातीला चिकटवलेले ‘उचल्या’ हेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले, तेही मी शिकवत होतो.

रोमच्या त्या खुणेला मराठी प्रतिशब्द शोधताना मी कोशात पाहिले. चावडीच्या दप्तरात पाहिले नाही. ज्यांची अब्रू सरकारदरबारी गृहीतच धरलेली होती, त्यांच्याच भाषेवरून मी मराठीविषयी विधान केले होते.

आता ‘नामुष्की’च्या खाली मी ‘हजेरी’ही लिहितो. तिचा अर्थ मात्र मी सांगत नाही, वर्गाला विचारतो.