गाडी गंगा प्यायली

मामा,

बिडकीन ते संभाजीनगर पंचवीस किलोमीटर, दर शनिवारी मी येतेच, मग ही कागदाची भानगड कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण समोर बसून सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला तुम्ही 'टेंपरेचरचा काटा कुठे होता?' म्हणून विचाराल आणि मला पुन्हा लपवावे लागेल. पाच हजार किलोमीटरच्या प्रवासात फोनवर मी तुमच्याशी एकदाच लपवाछपवी केली. त्याची ही कबुली. चार लोकांसमोर देते आहे, कारण पैठण रोडच्या टपऱ्यांवर आमच्या प्रवासाच्या दोन कहाण्या आधीच फिरताहेत आणि दोन्ही खोट्या आहेत.

मूळ इच्छा तुमची. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, तीही स्वतःच्या गाडीतून. पैठणच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला ही इच्छा शिकवावी लागत नाही. एकनाथांच्या कावडीची गोष्ट आपण आईच्या दुधाबरोबर पितो. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला दोन तासांपेक्षा जास्त बसायला मनाई केली आणि तुम्ही विषयच सोडला. मग मीच म्हणाले, तुमची गाडी आणि तुमची बायको दोघींना पाठवा, चालवते मी. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. नंतर एवढेच म्हणालात, "वरचा होज पाइप बदल. कडक झालाय."

मामा, तो मी बदलला नाही.

बाकी सगळे केले. १९९८ साली तुम्ही ही चारशे सात मालगाडी जुनी म्हणूनच घेतली होती. तिने जाधववाडीला मोसंबी नेली, लग्नसराईत मांडवाचे बांबू वाहिले, २०१२-१३च्या दुष्काळात पाठीवर काळी टाकी घेऊन वाड्यावस्त्यांना पाणी घातले. हौद्याच्या फळीवर त्या टाकीच्या पट्ट्यांचे वळ अजून आहेत. म्हणजे गाडीला घर बनवण्याआधी तुम्ही तिला विहीर बनवली होतीच. आम्ही कमानींवर नवी ताडपत्री घातली, डाव्या अंगाला फळ्यांची खाट केली, खाटेखाली पत्र्याच्या पेट्या, केबिनला लागून शंभर लिटरची टाकी. फाळका पाडला की त्याचाच ओटा आणि त्यावर शेगडी. मिस्त्री वेल्डिंगचे यंत्र घेऊन तयार होता, पण मी सगळे नटबोल्टवर करायला लावले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत नसलेला बदल परस्पर करायचा नाही, आणि पुढच्या पासिंगला तुमच्या म्हातारीला परत पाठवलेले मला चालले नसते. धावत्या गाडीत मागे कोणी बसायचे नाही, झोपायचे ते गाडी उभी केल्यावरच, हाही नियम. त्यामुळे केबिनमध्ये तिघे: मी, मधे मामी, आणि खिडकीशी तुमचा धाकटा, ज्याने पहिल्याच दिवशी स्वतःला क्लीनर म्हणवून घ्यायला नकार दिला आणि तिसऱ्या दिवशी टॉमी हातात घेऊन टायर ठोकून बघू लागला.

लायसनचे जो तो विचारायचा. बाई आणि मालगाडी! साडेसात टनांच्या आतली गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये ते पक्के केले आहे. ढाब्यावर हे सांगितले की लोक मान डोलवायचे आणि मग धाकट्याला विचारायचे, "गाडी कोण चालवतो?"

समृद्धी महामार्गावर सावंगीला चढलो आणि नागपूरला उतरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता फार चांगला आहे आणि फार कंटाळवाणा आहे. आमची साठची चाल बघून मागचे हॉर्न वाजवतात, आणि मधेच थांबून कोणाशी दोन शब्द बोलावे तर थांबायलाच बंदी. खरा प्रवास नागपूरपासून. तिथून जो रस्ता धरला तो ड्रायव्हर लोकांचा जुना सात नंबर. वाराणसी ते कन्याकुमारी, २३६९ किलोमीटर, देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता तो. २०१०मध्ये नंबर बदलले, त्याचे तुकडे वेगवेगळ्या आकड्यांत विखुरले. तरी सिवनीच्या पुढे एका सरदारजीने गाडीचा एमएच २० बघून विचारलेच, "सात नंबरसे जाओगे ना?" तुम्ही असता तर तिथेच दोन चहा झाले असते.

पेंचच्या जंगलात वाघांना खालून जाता यावे म्हणून रस्ताच उचलून घेतला आहे. जबलपूरच्या पुढे स्लीमनाबाद लागते. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनचे नाव गावाला अजून चिकटलेले आहे. याच वाटेवर रुमालाने गळे आवळायचे हे मामीला सांगितले, तर तिने त्या रात्री खाटेखाली पान्हा ठेवला. रीवाच्या पुढे सात नंबर सोडला, मग सोहागीचा उतार. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हे तुम्ही मला धरणाच्या कालव्यावर शिकवले होते, तिथे धड चढही नव्हता. सोहागीला ते कळले. आमच्या पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता. आमची दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत, पण थंड पायांनी उतरली.

काशीत गाडी बाहेर लावून ई-रिक्षाने आत गेलो. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८०मध्ये बांधले, आणि आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. मामीला गाभाऱ्यापेक्षा याच गोष्टीचा जास्त आनंद झाला. माहेरची ओळख निघावी तसा. एकनाथी भागवत नाथांनी इथेच १५७३मध्ये पुरे केले, हेही तिने शेजारच्या बाईला सांगून टाकले. त्या बाईला मराठी येत नव्हते. पाणी दोन प्रकारे घेतले: तांब्याचा एक गडू, तोंड झाळून बंद केलेला, घरच्यासाठी, आणि दहा लिटरचा कॅन, रामेश्वरासाठी. कॅनला मामीने भगवे फडके बांधले आणि तो सीटमागे उभा केला. रोज सकाळी ती त्याला नमस्कार करायची, मग मला चहा मिळायचा.

परतताना मला सारखे वरसईचे गोडसे भटजी आठवत होते. सत्तावनच्या धामधुमीत अडकलेला हा माणूस, दोनदा-तीनदा लुटला गेला, पण उत्तरेतून गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत पेणकडच्या आपल्या गावी आला आणि आईवडिलांना गंगेचे स्नान घातले. 'माझा प्रवास' छापून आला १९०७मध्ये. आमच्या कॅनला निदान चाके होती.

पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो. निर्मलचा घाट उतरून सोनच्या पुलावर आलो तेव्हा मामी एकदम म्हणाली, "थांब, आपली गंगा." खाली गोदावरी. नाथसागरातून निघून, नांदेड करून, पोचमपाडचे धरण उतरून आलेली. आपल्याकडे तिला गोदावरी म्हणतो कोण? पैठणला माणूस गंगेवरच जातो. मामी खाली उतरून बाटलीभर पाणी घेऊन आली आणि भगव्या फडक्यात कॅनशेजारी ठेवली. "बहिणी आहेत, बसतील."

आता ती दुपार. कर्नूल सोडले, गुत्तीचा किल्ला डावीकडे की उजवीकडे यावर आमचा वाद चालला होता. मुरारराव घोरपड्यांचे गुत्ती ते. १७७६मध्ये हैदरअलीने घेतले. अनंतपूर हा देशातल्या सर्वांत कोरड्या जिल्ह्यांपैकी एक, आणि माघातही तिथले ऊन आपल्या चैत्राच्या तोडीचे. आधी गोडसर वास आला, मग काचेवर वाफ, मग काटा लाल पट्टीत. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. वरचा होज क्लिपजवळ फाटला होता. बरोबर तिथेच, जिथे तुम्ही बोट दाबून दाखवले होते.

त्याच वेळी तुमचा फोन आला. "काटा कुठे आहे?" मी बघितले. किल्ली काढलेली, काटा तळाशी. म्हणाले, "अगदी खाली आहे, मामा." नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ त्यानंतर जमिनीला टेकला म्हणतात. आमचा आधीच टेकलेला होता.

तासभर झाकणाला हात लावला नाही. मग धाकट्याने होजचा सडलेला दोन बोटे भाग कापला, उरलेला ओढून बसवला, क्लिप आवळली. टाकी उघडली तर कोरडी: सकाळी कर्नूलला मामीने धुणे काढले होते. पिण्याचा जार अर्धा होता, तो रेडिएटरमध्ये ओतला, आणि क्लिप नीट न बसल्याने सगळा रस्त्यावर गेला. धाकट्याने पुन्हा कापले, पुन्हा आवळले. हॉर्न वाजवत ट्रक निघून जात होते. एक मेंढपाळ मेंढरे थांबवून आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या खांद्याला एक छोटी बाटली होती, ती त्याने न बोलता पुढे केली. ती घेण्यासारखी नव्हती. त्याची सगळी दुपार बाकी होती.

सीटमागच्या कॅनकडे आम्ही तिघेही बघत नव्हतो. मीच शेवटी म्हणाले, "मामी, थांबू या, कोणीतरी पाणी देईल." मामी उतरली, कॅन ओढून काढला, भगवे फडके सोडून स्वतःच्या डोक्याला बांधले आणि म्हणाली, "नाथांना तहानलेलं गाढव वाटेत भेटलं. आपण त्याच्यातच बसून आलोय. ओत."

इंजिन सुरू ठेवून हळूहळू ओतले, तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी घातले तर हेड तडकते म्हणून. आपली गाडी सात-आठ लिटर गंगा प्यायली मामा, आणि मग तिने असा आवाज केला, जसा बैल पाणी पिऊन मान वर काढताना करतो. मेंढपाळ हसला. त्याच्या कुत्र्याने रस्त्यावरच्या थारोळ्यात तोंड घातले. अनंतपूरला नवा होज घातला, दोन्ही क्लिपा नव्या.

कॅनमध्ये तांब्याभर उरले होते. पांबनच्या पुलावरून समुद्र ओलांडला. शेजारी १९१४चा जुना रेल्वेपूल थकून उभा आणि त्याच्या पलीकडे २०२५चा नवा, ज्याचा मधला भाग बोटींसाठी उभाच्या उभा वर जातो. धाकटा ते बघायला दोन तास बसून राहिला. त्याला आता बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी बघायची आहे, विजेच्या गाड्यांच्या. आपल्या शेताच्या जागेवर, म्हणा ना. मी त्याला काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. रामेश्वराला तांब्याभर गंगा पोचली, बावीस कुंडांवर आमचे स्नान झाले, आणि सोनच्या पुलाखालची बाटली मामीने अग्नितीर्थावर समुद्रात सोडली. इतकी हळू, जशी लेक सासरी पाठवतात.

तेव्हा टपरीवर सांगतात तसे इंजिन बसले नव्हते, आणि गंगा कोणी चोरलीही नव्हती. तुमच्या उशाशी आहे तो गडू झाळलेलाच आहे, त्यातला थेंबही गेलेला नाही. मावंदे नाथषष्ठीच्या आधी घालायचे, असे मामीने ठरवले आहे. गडूची पूजा तुमच्या हातून. पुरण मी आणते, पण गाडी अंगणात मांडवाच्या आत उभी करायची असा तिचा हट्ट आहे आणि तुमचा नकार असेल तर तो तुम्ही तिलाच सांगा.

फाटका होज टूलबॉक्समध्ये ठेवला आहे. माझ्यावर ओरडायचे असेल तेव्हा हातात घ्यायला सोयीचा पडेल.

तुमची,
भाची